नागपूरच्या हवेत बियांपासून हंगामी फुलं: पेरणीचा आठवडा साधला की निम्मं काम झालं

परदेशी बियाण्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा छापलेलं असतं, ‘मार्चमध्ये घरात पेरा, थंडी सरली की बाहेर लावा’. नागपुरात हे ऐकायचं ठरवलं तर पिटुनियाचं रोप फुलायला येईल ते मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना. तिकडे ज्यांना उन्हाळी फुलं म्हणतात, त्यातली बहुतेक आपण हिवाळ्यात घेतो. त्यात आपला हिवाळा लहान. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आटोपतो, थंडी जाणवते ती दिवाळीच्या पुढेमागे, आणि फेब्रुवारी उतरणीला लागला की दुपार पुन्हा ३३-३४ अंशांवर. म्हणजे रोप वाढवायचं, बहरात आणायचं आणि डोळे भरून पाहायचं, हे सगळं चार-साडेचार महिन्यांत. बी उगवायला फार हुशारी लागत नाही. आठवडा चुकला तर मात्र ऐन भरात यायच्या वेळी रोप वाळायला लागतं.

कधी काय पेरायचं

उलटं मोजा. होळीच्या सुमारास ऊन असह्य होतं, तेव्हा झाड त्याआधी किमान दीड महिना फुललेलं हवं. आता प्रत्येक फुलाला पेरणीपासून लागणारे दिवस पाहा. मखमली झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस ४५ ते ६० दिवसांत फुलतात. पिटुनिया आणि फ्लॉक्सला अडीच-तीन महिने लागतात. डॉग फ्लॉवर, अ‍ॅस्टर, डायँथस यांना तीन महिने किंवा थोडे जास्त. हॉलिहॉक तर चार महिन्यांनी दांडा दाखवतो. म्हणजे जे हळू चालतात ते आधी पेरायचे.

माझा क्रम असा असतो. पितृपक्षात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, छपराखाली ट्रेमध्ये पिटुनिया, डॉग फ्लॉवर, डायँथस, अ‍ॅस्टर आणि हॉलिहॉक. छपराखाली यासाठी की परतीच्या पावसाची एक सर पिटुनियाचं सगळं बी एका कोपऱ्यात वाहून नेते. दसऱ्याच्या पुढेमागे साल्व्हिया, व्हर्बिना, फ्लॉक्स, गझानिया. दिवाळीच्या आधी कॅलेंडुला, नॅस्टर्शियम, अ‍ॅलिसम आणि कॅलिफोर्निया पॉपी. लार्कस्पर आणि स्वीट पी यांना गार माती लागते, त्यांना नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा द्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेलं लार्कस्पर मातीत तसंच पडून राहतं आणि आपण उगीच बियाणं खराब म्हणून दुकानदाराशी भांडतो.

पॅन्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नागपुरात ती बियांपासून करू नका. तिला उगवायला २० अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, तो आपल्याकडे येईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, मग फुलं येतात जानेवारीच्या अखेरीस किंवा त्यानंतर, आणि मार्चमध्ये ती माना टाकते. तेवढ्यासाठी महागडं बी घेण्यापेक्षा डिसेंबरमध्ये नर्सरीतून कळ्या लागलेली दहा रोपं आणा. हौसच असेल तर ट्रे घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पॅन्सीला उगवताना उजेड नकोच असतो.

पावसाळी फुलं वेगळी. तेरडा मृगाचा पाऊस स्थिरावला की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात थेट जमिनीत. कोंबडा आणि झिनियाही तेव्हाच. दसऱ्याच्या तोरणाला घरचा मोठा झेंडू हवा असेल तर आषाढी एकादशीला बी टाका. दोन्ही सण चांद्र पंचांगाचे असल्यामुळे मधलं अंतर दरवर्षी सुमारे ८८ दिवसच भरतं (मधे अधिक महिना आला तर महिनाभर उशिरा पेरा), आणि शेंडा खुडून वाढवलेल्या मोठ्या झेंडूला बहरात यायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

अजून एक गोष्ट पाकिटावर नसते. मोठा झेंडू आणि गुलाबी-पांढरा कॉसमॉस यांना दिवस लहान होऊ लागले की फुलायची घाई होते. जूनमध्ये पेरलेला कॉसमॉस माणसाच्या खांद्याला लागतो, वाऱ्या-पावसात आडवा होतो आणि फुलतो सप्टेंबर उलटल्यावर. तोच ऑक्टोबरमध्ये पेरला तर कमरेइतका राहून लवकर फुलतो. बाल्कनीवाल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पिवळा-केशरी कॉसमॉस एवढे नखरे करत नाही.

बियाणं घेताना

पाकिटावरची पॅकिंगची आणि मुदतीची तारीख आधी पाहा. आपल्याकडे ही पाकिटं मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात काचेमागे उन्हात लटकत असतात. तिथे मुदत छापील राहते, बी मात्र मरतं. म्हणून पोळा-मारबत आटोपली की नवा माल आला का विचारून घ्यावं. एफ-वन हायब्रीड, म्हणजे दोन वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीचं बी महाग असतं, फुलं एकसारखी आणि मोठी येतात, पण त्याचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच येईल याची खात्री नसते. साधं, सरळ वाणाचं बी स्वस्त, आणि झिनिया, कॅलेंडुला, कॉसमॉससारख्या फुलांत तेच पुरेसं आहे. अ‍ॅस्टरमध्ये पुण्याच्या गणेशखिंड केंद्राचे ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण किंवा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे कामिनी, पौर्णिमा मिळाले तर घ्या. झेंडूत पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे दिल्लीचे वाण जुने आणि भरवशाचे.

तोरणातल्या सुकलेल्या झेंडूचं बी लावता येतं का, असं बरेच जण विचारतात. फूल चुरगाळून तळहातावर घ्या. काळी, कडक, सुईसारखी काडी आणि तिच्या टोकाला फिकट शेपटी, हे बी. काडी पांढरट, चपटी, पोकळ लागली तर ते फूल कच्चं खुडलेलं होतं. बाजारातला झेंडू बहुतेक कच्चाच खुडतात, शिवाय बराचसा हायब्रीड असतो, त्यामुळे उगवलं तरी एकेरी, फिकट फुलांची तयारी ठेवा.

पेरणीचं मिश्रण

इथे काळ्या मातीचा मोह टाळा. आपली काळी माती पिकाला उत्तम, पण ट्रेमध्ये ती पाणी दिलं की चिखल आणि वाळली की तडा जाणारी ढेकळं. बारीक बियांचा कोंब तिच्यातून वर येत नाही.

दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळणीतून काढलेलं गांडूळखत आणि अर्धा भाग कन्हानची बारीक रेती, एवढं पुरतं. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून कोकोपीटच्या विटेचा चुरा दोनदा पाण्यात भिजवून पिळून टाका. बादलीभर मिश्रणात दोन मुठी निंबोळी ढेप आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा, ओलसर करून चार दिवस सावलीत झाकून ठेवा. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी निथळू नये, हीच ओलाव्याची खूण.

ट्रे कोणताही चालतो: खाचाखाचांचा प्रो-ट्रे, मिठाईचे प्लास्टिकचे डबे, भोकं पाडलेलं थर्माकोलचं खोकं. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे व्हिडिओ दिसायला छान असतात. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात तो पुठ्ठाच मिश्रणातलं पाणी पिऊन टाकतो. खाली भोकं मात्र हवीतच.

पेरणी

मिश्रण भरून आधी पाणी द्या, अर्धा तास थांबा, मग पेरा. पेरल्यावर वरून झारी धरली की बारीक बी खोल जातं.

किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट, हा ढोबळ नियम. झेंडू, झिनिया, कॅलेंडुला अर्धा सेंटिमीटर. नॅस्टर्शियम आणि स्वीट पी दीड-दोन सेंटिमीटर, आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून. कॅलेंडुला, फ्लॉक्स, व्हर्बिना, नॅस्टर्शियम, सदाफुली यांना उगवताना अंधार आवडतो, त्यांचं बी नीट झाका. पिटुनिया, डॉग फ्लॉवर, अ‍ॅलिसम यांना उजेड लागतो, त्यांच्यावर माती टाकायचीच नाही.

पिटुनियाकडे थोडं थांबू. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया, खसखशीहून बारीक. चिमटीतून सोडायला गेलं की सगळ्या एकाच जागी पडतात. दोन चमचे कोरडी बारीक रेती घ्या, बी तिच्यात नीट मिसळा, कागदाची घडी करून त्या घडीतून बोटाने टिचक्या मारत ट्रेभर फिरवा. पांढरी रेती काळ्या मिश्रणावर दिसते, त्यामुळे कुठे पडलं, कुठे राहिलं ते कळतं. मग सपाट लाकडाने हलकं दाबायचं, झाकायचं नाही. हल्ली गोळीचं, म्हणजे मातीचा लेप दिलेलं बी मिळतं. ते एकेक ठेवता येतं, पण लेप विरघळेपर्यंत फवाऱ्याने पाणी द्यावं लागतं, नाहीतर आतलं बी तसंच कोंडून राहतं.

ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक ठेवा आणि पाणी खालून द्या: पसरट परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. जागा उजेडाची, थेट उन्हाची नाही. प्रत्येक ट्रेवर नाव आणि तारीख लिहा. दोन पानांवरची पिटुनिया आणि डॉग फ्लॉवर ओळखू येत नाहीत. मुंग्यांचाही बंदोबस्त करा. अ‍ॅलिसमचं बी रातोरात गायब होतं ते बहुतेक त्यांच्यामुळे. ट्रेचं टेबल पाण्याच्या वाट्यांत उभं केलं की झालं.

लार्कस्पर, पॉपी आणि तेरडा ट्रेमध्ये नकोतच. पहिल्या दोघांची मुळं हलवलेली चालत नाहीत, तेरड्याला त्याची गरजच पडत नाही.

उगवल्यापासून चार पानांपर्यंत

झेंडू-झिनिया तीन-चार दिवसांत वर येतात, पिटुनिया सात ते दहा, व्हर्बिना दोन-तीन आठवडेही घेते. पहिले कोंब दिसले की झाकण त्याच दिवशी काढा. सगळं उगवू द्या मग काढू, असं म्हणत थांबलं की मर लागते.

मर म्हणजे काय ते जवळून पाहिलं पाहिजे. सकाळी हिरवीगार असलेली रोपं संध्याकाळी एका बाजूला लोळतात. उचलून पाहा: पानं ताजी असतात, फक्त मातीच्या रेषेवर देठ तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. ही बुरशी आहे, आणि ती गर्दी, ओल आणि कोंडलेली हवा या तिघांवर जगते. एका जागची चार रोपं पडली तर त्यांच्याभोवतीच्या दोन बोटं मिश्रणासकट उचलून फेका, पाणी एक दिवस तोडा, पंखा मंद सोडा आणि ट्रायकोडर्माचं पाणी द्या. पडलेलं रोप उभं राहत नाही, उरलेलं वाचवायचं.

रोपं लांब, पांढुरकी, खिडकीकडे झुकलेली दिसली तर उजेड कमी पडतोय. मनीषनगर-बेसाकडच्या फ्लॅटमध्ये हे हटकून होतं, कारण बाल्कनी एकाच बाजूला असते. पूर्वेची बाल्कनी असेल तर रोपांचं नशीब चांगलं. पश्चिमेची असेल तर ऑक्टोबरभर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, उन्हाळ्यात आपल्याकडे सिग्नलवर ताणतात तशीच, आणि नोव्हेंबरमध्ये काढून टाका.

पहिली दोन पानं ही बियाचीच दलं असतात. त्यानंतर खऱ्या पानांची जोडी आली की रोपं अलग करून छोट्या कपात किंवा पिशवीत लावा. रोप पानाला धरून उचला, देठाला कधीच नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिमटला की रोप गेलं. आईस्क्रीमची काडी मुळाखाली घालून उचललं की माती सुटत नाही.

वाफा, कुंडी आणि पुनर्लागवड

धरमपेठ, लक्ष्मीनगरच्या जुन्या घरांना अंगण असतं, तिथे १५-२० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. काळ्या मातीत नुसती रेती ओतून ती भुसभुशीत होत नाही. चौरस मीटरला सात-आठ किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि सोबत रेती, असं एकत्र फावड्याने वर-खाली करा. कुंडीसाठी दोन भाग बागेची माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती किंवा कोकोपीट. पिटुनिया, डायँथस, फ्लॉक्सला आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंचीत तीन. वाफ्यात अ‍ॅलिसम १५ सेंटिमीटरवर, पिटुनिया, डायँथस आणि डॉग फ्लॉवर २५-३०, मोठा झेंडू ४०-४५, हॉलिहॉक ४५-५०. रोप लहान असताना ही अंतरं वेडेपणाची वाटतात आणि मधे एखादं खुपसायचा मोह होतो. जानेवारीत त्याच दाटीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, शिरते.

चार-पाच पानांवर, दिवाळीच्या मागेपुढे, रोपं जागेवर जायला तयार होतात. त्याआधी आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवा आणि पाणी किंचित कमी करा. लागवड संध्याकाळी, आणि रोप पिशवीत होतं तेवढंच खोल. पहिले तीन दिवस दुपारी कागदाची टोपी किंवा पळसाचं पान आड ठेवलं तरी पुष्कळ.

खुडणं आणि खत

रोप बोटभर-दीड बोट उंचीचं झालं की शेंडा खुडा. पिटुनिया, डॉग फ्लॉवर, डायँथस, साल्व्हिया, झिनिया, झेंडू, कॉसमॉस, सगळ्यांना हे लागू. एकाच्या जागी चार फांद्या फुटतात आणि फुलं दहा-पंधरा दिवस उशिरा, पण कितीतरी जास्त येतात. पहिली कळी खुडायला जीव होत नाही हे खरं, तरी खुडाच. लार्कस्पर, पॉपी, कोंबडा, हॉलिहॉक आणि तेरडा यांना हात लावू नका, त्यांचं सौंदर्य मधल्या तुऱ्यातच आहे.

खताचं फार अवडंबर नको. लावल्यावर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक-दोन ग्रॅम, दर दहा दिवसांनी, कळ्या दिसेपर्यंत. नंतर पालाश जास्त असलेलं ०:०:५० किंवा १३:०:४५. रासायनिक नको असेल तर भुईमुगाची ढेप पाच दिवस भिजवून, कोऱ्या चहाच्या रंगाइतकी पातळ करून द्या. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नॅस्टर्शियमला मात्र खत देऊच नका. नत्र मिळालं की त्याची पानं बशीएवढी होतात आणि फुलं त्याखाली शोधावी लागतात.

नागपूरची खास अडचण म्हणजे पिटुनियाची कोवळी पानं पिवळी पडणं, शिरा मात्र हिरव्याच. लोक याला पाणी जास्त झालं समजतात किंवा युरिया घालतात. कारण बहुधा लोहाची कमतरता असते: आपली माती चुनखडीची, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची), त्यात बोअरचं जड पाणी, मग मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा. नवी पानं हिरवी आली की निदान बरोबर. जमलं तर पिटुनियाला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

सुकलेली फुलं दोन दिवसाआड काढा, फक्त पाकळ्या नाही, खालच्या बोंडासकट. बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं.

कीड

कॅलेंडुला आणि नॅस्टर्शियमवर मावा येणार, हे धरूनच चाला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावर. स्वीट पी, झिनिया, फ्लॉक्सवर पांढरी भुरी दिसली तर खालची पानं काढा आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण ३२ अंशांच्या वर नाही आणि निंबोळी तेलानंतर दोन आठवडे नाही, पानं भाजतात. पानांवर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा काढणारी नागअळी असेल तर ती पानं तोडून पिशवीत बंद करा. मार्चमध्ये झेंडूवर जाळी आणि लाल कोळी आले की औषधाच्या फंदात पडू नका, झाड उपटा.

होळीनंतर

बी धरायचं असेल तर फेब्रुवारीतच सगळ्यात चांगल्या झाडाला दोरा बांधून ठेवा आणि त्याची फुलं खुडणं थांबवा. कॅलेंडुलाचं बी आकड्यासारखं वाकतं, तपकिरी झालं की गोळा करा. फ्लॉक्सची बोंडं पिकली की फुटून उडतात, म्हणून थोडी आधी काढून कागदी पिशवीत वाळू द्या. बी सावलीत आठवडाभर वाळवून कागदाच्या पुडीत, पुडी काचेच्या बरणीत, बरणीत सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. माळ्यावर ठेवलेलं बी नागपूरच्या मे महिन्यात भाजून निघतं.

रिकाम्या कुंड्या उन्हाळाभर ओस ठेवायच्या नसतील तर फेब्रुवारीच्या मध्यात चिनी गुलाब, झिनिया, पिवळा कॉसमॉस आणि सदाफुली पेरा, म्हणजे एप्रिलचं ऊन येईपर्यंत त्यांची मुळं खोल गेलेली असतात. चिनी गुलाबाचं बी राखाडी, धुळीसारखं, तेही उजेडात उगवणारं. त्याला दिवसाचं सहा तास कडक ऊन द्या आणि वरची माती वाळल्याशिवाय पाणी देऊ नका; झिनियाला मात्र उन्हाळ्यात रोज सकाळी, बुंध्याशी, पानं न भिजवता.